दोन महिन्यांचं बाळ घेऊन डिसेंबरात म्युनिकला जावं का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही नागपूरचे, मनीषनगरात राहता. १७ ऑक्टोबरला सिझेरियनने मुलगा झाला. ३७ आठवडे पूर्ण झाले होते, वजन २ किलो ७०० ग्रॅम. आज तो तीन आठवड्यांचा आहे. तुमची बहीण म्युनिकला असते, तिला चार वर्षांचा मुलगा आहे, आणि नाताळच्या सुट्टीत सगळ्यांनी तिच्याकडे यावं असा तिचा आग्रह आहे. २० डिसेंबरला निघून तीन आठवडे राहायचं, आजी-आजोबाही सोबत. तुम्ही विचारता की विमानात बाळाच्या कानांना त्रास होईल का, तिथली उणे तापमानाची थंडी त्याला सोसेल का, आणि सोबत काय काय घ्यायचं. शेवटी एक ओळ आहे: "बायको म्हणते, तुमचं काय ते ठरवा." त्या ओळीकडे मी नंतर येतो.

दिवाळी आटोपली की धंतोलीतल्या माझ्या ओपीडीत हा प्रश्न हमखास येतो. देश तेवढा बदलतो. कधी दुबई, कधी न्यू जर्सी. पालक विमानाबद्दल आणि थंडीबद्दल विचारतात, कारण त्या गोष्टी डोळ्यांसमोर येतात. त्यांची उत्तरं पुढे देतो, आणि ती बरीचशी दिलासा देणारी आहेत. पण हो म्हणायचं की नाही, हे मी वेगळ्याच प्रश्नावर ठरवतो. २५ डिसेंबरच्या रात्री दोन वाजता बाळाचं अंग तापलं, तर पुढच्या तासाभरात तुम्ही त्याला कुठे नेणार?

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप ही वेगळीच गोष्ट असते. दोन वर्षांच्या पोराला १०१ ताप आहे आणि ते घरभर खेळतंय, असं कुणी सांगितलं तर मी फोनवरच पॅरासिटामॉलचा डोस सांगतो आणि सकाळी आणा म्हणतो. नऊ आठवड्यांच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस ताप आला, तर फोनवर एकही औषध सांगत नाही. आत्ताच्या आत्ता घेऊन या, एवढंच. कारण या वयात रक्तात, लघवीत किंवा मेंदूच्या आवरणात जंतुसंसर्ग झाला तरी बाहेरून अनेकदा फक्त ताप दिसतो. बाळ दूध पितं, रंगही बरा असतो, आणि काही तासांत चित्र पालटतं. बहुतेक वेळा शेवटी साधा विषाणूच निघतो, हे खरं. पण कोणत्या बाळाला साधा आणि कोणत्याला नाही, हे नुसतं बघून कुठल्याच डॉक्टरला छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणून रक्त, लघवी, गरज वाटली तर पाठीतलं पाणी तपासायचं, आणि बऱ्याचदा रिपोर्ट येईपर्यंत ॲडमिट करून शिरेतून अँटिबायोटिक द्यायचं. इथेही हेच होतं, जर्मनीतही हेच होईल.

तिथले डॉक्टर चांगले आहेत, त्याची काळजी नको. म्युनिकचं हाउनर बालरुग्णालय हे विद्यापीठाचं, नावाजलेलं रुग्णालय आहे. अडचण वेळेची आहे. जर्मनीत २५ आणि २६ डिसेंबर दोन्ही दिवस सार्वजनिक सुट्टी, २४ च्या दुपारपासूनच सगळं शांत होतं, आणि नववर्षापर्यंत बरेच खासगी दवाखाने बंद राहतात. तेव्हा ११६११७ या नंबरवर तातडीच्या वैद्यकीय सेवेला फोन करायचा, आणि प्रकृती गंभीर असेल तर ११२. दोन्ही नंबर बहिणीला माहीत असतीलच, पण तुमच्याही फोनमध्ये हवेत. शिवाय हे दिवस म्हणजे नेमका श्वसनविकारांचा हंगाम. २०२२ च्या डिसेंबरात जर्मनीतली बालरुग्णालयं आरएसव्ही या विषाणूच्या रुग्णांनी इतकी भरली होती, की काही मुलांना खाटेसाठी दुसऱ्या शहरात हलवावं लागलं. दरवर्षी असं होईल असं नाही, पण हंगाम तोच आहे.

आरएसव्हीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेखच नाही. मोठ्या माणसाला तो झाला तर दोन दिवस नाक गळतं, एवढंच. चार वर्षांच्या मुलाला सर्दी-खोकला होतो. दोन महिन्यांच्या बाळाच्या श्वासनलिकेचे टोकाचे फाटे इतके बारीक असतात, की थोडी सूज आणि थोडा चिकट स्राव जमला तरी श्वास अडतो. मग छाती आत ओढली जाते, दूध पिता पिता बाळ दमतं, आणि काहींना ऑक्सिजनवर ठेवावं लागतं. जर्मनीत २०२४ पासून पहिल्या हिवाळ्यातल्या सगळ्या बाळांना याविरुद्ध तयार प्रतिपिंडांचं एक इंजेक्शन देण्याची अधिकृत शिफारस आहे. म्हणजे तुमच्या बहिणीच्या शेजारच्या तान्ह्या बाळाला ते बहुधा मिळालेलं असेल, आणि तुमचं बाळ त्या हंगामात तसंच उतरेल.

आणि हा विषाणू थंड हवेतून येत नाही, माणसांकडून येतो. तुमच्या बेतात तो आणणारा सगळ्यात संभाव्य माणूस म्हणजे तुमचा भाचा. बिचाऱ्याचा काही दोष नाही. त्या वयाची, बालवाडीत जाणारी मुलं हिवाळाभर एकमेकांना सर्दी वाटत असतात. तो आनंदाने बाळाचे मुके घेणार, आणि त्याला कुणी ओरडणार नाही. डांग्या खोकल्याचंही तसंच. २०२४ मध्ये युरोपात त्याचे रुग्ण फार वाढले होते. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला या आजारात खोकल्याची उबळ येण्याऐवजी कधी कधी श्वासच थांबतो.

आता लसींचा हिशोब मांडू. जन्मल्यावर बीसीजी (क्षयाची लस), पोलिओचा शून्य डोस आणि हेपॅटायटिस बी झालं असेल. सहा आठवड्यांचे डोस २८ नोव्हेंबरला येतात: पेंटाव्हॅलंट (डांग्या खोकल्यासह पाच आजारांची एकत्र लस) किंवा खासगीत मिळणारी त्याच गटातली लस, पोलिओ, रोटाव्हायरस, न्यूमोकोकल. दहा आठवड्यांचे २६ डिसेंबरला आणि चौदा आठवड्यांचे २३ जानेवारीला. दोन डोसांत चार आठवड्यांचं अंतर लागतंच, त्यामुळे दुसरा डोस २० डिसेंबरच्या आधी देऊन टाका असं मला म्हणता येत नाही. म्हणजे तुमचा मुलगा डांग्या खोकल्याविरुद्धच्या एकाच डोसावर, नऊ आठवड्यांचा असताना निघणार आणि साधारण बारा आठवड्यांचा होऊन परत येणार. तापाच्या बाबतीत जी सगळ्यात नाजूक मुदत, तिचा शेवटचा महिना जवळजवळ पूर्ण परदेशात जाणार. दुसरा डोस परत आल्यावर, दोनेक आठवडे उशिराने दिला तरी चालतो, मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. पण जिथे संरक्षण सगळ्यात जास्त हवं, तिथेच ते अर्धवट राहील. फ्लूची लस तर सहा महिन्यांआधी देताच येत नाही.

लसीची आणखी एक गुंतागुंत पालकांच्या लक्षात येत नाही. पेंटाव्हॅलंटनंतर दिवस-दीड दिवस ताप येऊ शकतो, 'पेनलेस' लसीनंतरही कधी कधी येतो. इथे असताना मी म्हणतो, लसीचा असेल, पण दाखवून जा. विमानात किंवा ट्रान्झिटमध्ये तोच ताप आला तर लसीचा की संसर्गाचा, हे ठरवणार कोण? म्हणून लस आणि प्रवास यांत निदान चार-पाच दिवस मोकळे ठेवा, कुठेही जायचं असलं तरी.

आता विमान. ३७ आठवड्यांचं, तब्येतीने ठीक असलेलं बाळ विमानप्रवास सहसा नीट करतं. केबिनमधली हवा सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरावर असावी तेवढी विरळ असते. निरोगी बाळाला ती चालते. फुप्फुसाचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या, किंवा बऱ्याच आधी जन्मलेल्या बाळाला तपासल्याशिवाय चालत नाही. कानांसाठी उड्डाणाच्या वेळी आणि विमान खाली येऊ लागल्यावर अंगावर पाजा. खाली येणं चाकं टेकायच्या सुमारे अर्धा तास आधीच सुरू होतं, त्यामुळे तेव्हा बाळ उपाशी आणि जागं असेल असं जमवा. गाढ झोपेत असेल तर उठवू नका, बहुतेकदा काही होत नाही. बॅसिनेट, म्हणजे विमानातला बाळाचा छोटा पाळणा, तिकिटासोबत आपोआप मिळत नाही, फोन करून मागावं लागतं, आणि विमान हलायला लागलं की बऱ्याच कंपन्या बाळाला उचलून मांडीवर घ्यायला लावतात. अगदी नवजात बाळाला कंपन्या घेत नाहीत, पण दोन महिन्यांच्या बाळाला तशी आडकाठी नसते. तिथल्या आणि आपल्या घड्याळात हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक आहे. या वयात बाळाला दिवस-रात्र मुळात कळत नसते, त्यामुळे तो फरक त्रास देईल तर तुम्हाला.

नागपूरकरांची अडचण अशी, की आपला प्रवास सोनेगाव विमानतळावरून सुरू झाला तरी म्युनिकचं विमान बहुतेकदा मुंबई किंवा दिल्लीतूनच धरावं लागतं. डिसेंबरच्या उत्तरार्धात शक्यतो दिल्ली टाळा. धुक्याने विमानं तासन् तास खोळंबतात, आणि तान्हं बाळ घेऊन टर्मिनलच्या गर्दीत बसणं हे विमानातल्या नऊ तासांपेक्षा जास्त धोक्याचं. मुंबईचं तिकीट काढताना नागपुरात भरणाऱ्या विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या तारखा बघून ठेवा, त्या आठवड्यांत नागपूर-मुंबई भाडं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

थंडीबद्दल आजीबाई नेहमी विचारतात, "काहून नेता लेकराले तेवढ्या थंडीत?" त्यांना मी उलटा प्रश्न विचारतो: आपल्या घरात हीटर आहे का? २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता, आणि आपली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली. गार फरशी, खिडक्यांच्या फटी, रात्री उघडं राहिलेलं न्हाणीघराचं दार. म्युनिकमध्ये बाहेर शून्याच्या आसपास असतं, पण घर आतून वीस अंशांवर उबदार असतं. आतल्या आत बाळ तिथे नागपूरपेक्षा जास्त उबेत राहील. तिथली चूक उलट्या दिशेने होते. आपण सवयीने झबलं, दोन स्वेटर, टोपरं, वर कुंची, मोजे आणि त्यावर दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं बाळ त्या तापलेल्या खोलीत झोपवतो. बाळ घामाघूम होतं. आणि झोपेत अति उष्णता हा अचानक बालमृत्यूचा एक ज्ञात धोका आहे.

हातपाय गार लागले म्हणून घाबरू नका, या वयात ते गारच असतात. मानेच्या मागे किंवा छातीवर हात ठेवून बघा. तिथे कोमट आणि कोरडं लागलं तर पुरे, ओलसर लागलं तर एक थर काढा. घरात आपल्याला जेवढे कपडे लागतात त्यापेक्षा एक थर जास्त, एवढंच गणित. रात्री झोपताना टोपी नको. पाठीवर, स्वतःच्या सपाट गादीवर, उशी आणि सुटं पांघरूण न ठेवता झोपवा. तिथे बाळांसाठी झोपेच्या पिशव्या मिळतात, बहिणीला एक आणून ठेवायला सांगा, आपल्या दुलईपेक्षा त्या सुरक्षित. आणि पालकांच्या मधे, जाड रजईत झोपवणं तर अजिबात नको. पाहुण्यांच्या घरी जागा कमी पडली की हमखास हेच होतं.

बाहेर नेताना अजून एक. जर्मनीत गाडीतून बाळाला मांडीवर घेऊन जाता येत नाही, मागे तोंड केलेली बेबी सीट कायद्याने लागते. विमानतळावरून घरी जातानाही. बहिणीने ती आधीच बसवून ठेवायला हवी, आणि एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर कधीही नाही. त्या सीटमध्ये जाड कोट घालून बांधू नका. कोट दबतो, पट्टा सैल पडतो. पातळ कपड्यांत पट्टा आवळायचा आणि वरून पांघरूण घालायचं.

धुरीची शेगडी तिथे पेटवायची नाही हे आईंना आधीच सांगून ठेवा. ओवा-वावडिंगाचा धूर बाळाच्या फुप्फुसाला इथेही चांगला नाही, पण तिथे छतावरचा स्मोक अलार्म वाजून अख्खी इमारत जागी होईल. घुटी, मध, वरचं पाणी यातलं काही नको. मध तर वर्षभर नाही. फक्त अंगावरचं दूध आणि व्हिटॅमिन डीचे रोजचे ४०० युनिटचे थेंब. म्युनिकमध्ये डिसेंबरात सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि साडेचारच्या आधी मावळतो, त्यामुळे ते थेंब चुकवू नका. मालीश करायला हरकत नाही, उबदार खोलीत, हलक्या हाताने.

कागदपत्रांचं बघू. तुमच्या प्रश्नात त्यांचा उल्लेख नाही, आणि माझा अंदाज आहे की तुमचा बेत इथेच अडेल. पासपोर्टसाठी, १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्म दाखलाच चालतो. महापालिकेत जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. ती रुग्णालयाकडून जाते, पण नाव तुम्ही द्यायचं असतं. बारसं सव्वा महिन्यानंतर करू असं घरात ठरलं असेल, तर तोवर दाखल्यावर नाव नाही आणि पासपोर्टचा अर्जही नाही. बारसं हवं तेव्हा करा, नाव मात्र या आठवड्यात ठरवून नोंदवा, आणि आईवडिलांच्या नावांचं स्पेलिंग तुमच्या पासपोर्टवर आहे तसंच दाखल्यावर येतंय ना, ते अक्षरन् अक्षर तपासा. चार वर्षांखालच्या मुलाचा फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर काढून सोबत न्यावा लागतो. पांढऱ्या चादरीवर झोपवून, डोळे उघडे असताना, दूध पिऊन झाल्यावर; एका बैठकीत जमेल असं समजू नका.

शेंगेन व्हिसाचा अर्ज निघायच्या निदान पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, म्हणजे तुमच्यासाठी ५ डिसेंबर ही शेवटची तारीख. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, काही प्रकरणांत ४५ पर्यंत. नाताळाआधी अपॉइंटमेंटही सहज मिळत नाही. सहा वर्षांखालच्या मुलाला फी नाही आणि बोटांचे ठसेही नाहीत, एवढीच सवलत. आणि विम्याचा खोडा वेगळाच. शेंगेनला निदान ३०,००० युरोचं वैद्यकीय कवच सक्तीचं आहे, पण आपल्याकडच्या बऱ्याच प्रवास विमा पॉलिसी तीन किंवा सहा महिन्यांखालच्या बाळाला घेतच नाहीत. एजंट "होऊन जाईल" म्हणेल. बाळाचं नाव आणि जन्मतारीख छापलेली पॉलिसी हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका. तान्ह्या बाळाला तिथे चार दिवस ॲडमिट करावं लागलं तर येणारं बिल तुमच्या सगळ्या सहलीच्या खर्चाहून मोठं असू शकतं.

आता तुमची शेवटची ओळ. "तुमचं काय ते ठरवा" हे माझ्या कानाला होकारासारखं ऐकू येत नाही. सिझेरियनला तीन आठवडे झालेली बाई, रात्री दर दोन-अडीच तासांनी उठणारी, सासरच्या मंडळींचा बेत मोडायचं पाप आपल्या माथी नको म्हणून असं बोलते. माझ्यासमोर नवरा-बायको दोघं बसलेले असतात, नवरा विमानाचं विचारत असतो आणि ती बाळाच्या टोपीची दोरी सारखी करत गप्प असते, तेव्हा मी त्याला थांबवून तिलाच विचारतो. दोघंच असताना तिला विचारा, आणि "सगळे जातायत तर" असं तिने सुरू केलं तर ते नाही समजा. बाळंतपणानंतर सहा आठवडे पायांच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो, सिझेरियननंतर थोडा जास्तच. २० डिसेंबरला ती मुदत संपलेली असेल, तरी नऊ तास एका जागी बसायच्या आधी तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलायलाच हवं. आणि दूध. परक्या घरात, पाहुण्यांच्या राबत्यात, सगळ्यांच्या जेवणाच्या वेळा सांभाळत पाजणं म्हणजे आधीच नाजूक असलेली घडी विस्कटणं. तिथे तिला तिच्या आईसारखं कोण बघणार, याचं उत्तर तुमच्या बेतात मला दिसलं नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, ते मान्य करतो. तुमची बदली असती, किंवा तिकडे कुणी अत्यवस्थ असतं, तर मी तयारी करून पाठवलं असतं. असे प्रवास लोक करतात आणि बाळं सुखरूप राहतात. बहिणीच्या घरी लहान मूल नसतं, मुक्काम आठवड्याचा असता, बाळ चार महिन्यांचं असतं, तर माझं उत्तर सौम्य झालं असतं. पण ही हौसेची सहल आहे, आणि तारीख बदलता येते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: २० डिसेंबरला नेऊ नका.

थांबायचं तर जानेवारी-फेब्रुवारीही मला पसंत नाही, कारण तेव्हा तिकडे फ्लूचा जोर असतो. मे महिन्यात जा. १७ एप्रिलला मुलगा सहा महिन्यांचा होईल. तीनही डोस झालेले असतील, मान धरत असेल, वरचं खाणं सुरू झालं असेल, फ्लूची लस देता येईल. आपल्याकडे गोवरची लस नऊ महिन्यांना देतात, पण परदेश प्रवासासाठी सहा महिन्यांनंतर एक जादा डोस आधी देता येतो. तो निघायच्या निदान दोन आठवडे आधी हवा. पासपोर्ट-व्हिसाला श्वास घ्यायला वेळ मिळेल. आणि मे महिन्यात नागपूर ४५ अंशांवर तापलेलं असताना म्युनिकला जाण्यात जे सुख आहे, त्याबद्दल मी तुम्हाला काय सांगणार. नाताळला बहिणीनेच इकडे यावं असंही सुचवून बघा. भाच्याला सर्दी नसेल, घरातल्या मोठ्यांनी फ्लूची लस घेतली असेल आणि सगळे हात धुऊन बाळ घेतील, तर तीही चांगली सोय आहे.

तरीही जायचंच ठरलं, तर निदान एवढं करा. पहिला डोस २८ नोव्हेंबरला, एकही दिवस न चुकवता. प्रवासाची तारीख २६ डिसेंबरच्या पुढे ढकलता आली तर दुसरा डोस घेऊन, चार-पाच दिवस थांबून, ३१ च्या आसपास निघा. बहिणीकडच्या सगळ्यांनी आणि आजी-आजोबांनी फ्लूची लस घ्यावी, डांग्या खोकल्याचा बूस्टरही डॉक्टरांना विचारून घ्यावा, कारण बाळाला जे देता येत नाही ते त्याच्याभोवतीच्या माणसांना देता येतं. सर्दी झालेला माणूस बाळाच्या खोलीत जाणार नाही, मग तो भाचा असो की आजोबा. नाताळबाजार आणि दुकानांची गर्दी बाळासाठी नाही. बाबागाडीतून मोकळ्या रस्त्यावर फेरी मारायला हरकत नाही. डिजिटल थर्मामीटर हातातल्या बॅगेत ठेवा. बाळ मलूल वाटलं तर काखेत मोजा, ९९.५ फॅरनहाइटच्या वर गेलं की कपड्याचा एक थर काढून पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, तरी उतरलं नाही तर दाखवायला न्या, आणि १००.४ दिसलं तर पुन्हा मोजत बसू नका, थेट रुग्णालयात न्या. पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नाही. मिनिटाला पन्नास किंवा त्याहून जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं, दोन वेळा सलग दूध नाकारणं, दिवसभरात लंगोट नेहमीपेक्षा निम्मेच ओले होणं, किंवा अंग गार पडणं. यातलं काहीही दिसलं तर ताप नसला तरी निघा.

आणि तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून इंग्रजीत एक पत्र घ्या. त्यात जन्माचे आठवडे, जन्माचं आणि आत्ताचं वजन, लसींची घटकनावं आणि तारखा, आणि दोन खास गोष्टी हव्यात. पहिली, डाव्या दंडावरची बीसीजीची गाठ. सहा ते दहा आठवड्यांत ती लाल होऊन पिकल्यासारखी दिसते आणि आपोआप भरते. जर्मनीत १९९८ पासून बीसीजीची शिफारस नाही, त्यामुळे तिथल्या तरुण डॉक्टरने ती कधी पाहिलेलीही नसेल, आणि तापाचं कारण तिथे शोधत बसेल. दुसरी, बाळाच्या कंबरेवर किंवा ढुंगणावर असलेले निळसर जन्मखुणांचे डाग. आपल्या बाळांत ते अगदी सर्रास असतात, पण न ओळखणाऱ्याला मुका मार वाटू शकतो. जन्मापासून आहेत असं डॉक्टरांच्या सहीने लिहिलेलं असू द्या. मूळ पत्र पासपोर्टसोबत ठेवा आणि एक प्रत बहिणीच्या फोनवर पाठवून द्या.